विश्लेषण : अनोळखी देशाचं गाइडबुक स्वतःच काढायचं तर?

शीळफाट्यावरून कल्याण, मुंब्रा, महापे, पनवेल अशा वाटा फुटतात. तिथे नवा पूल सुरू झाला, की कुठे वळायचं याचा जुना सल्ला चुकतो. मग जिथे पर्यटक क्वचितच जातात, अशा देशाची ताजी माहिती कोण देणार?

मोठे प्रकाशक का टाळतात?
खप कमी, फिरून माहिती तपासण्याचा खर्च जास्त. त्यामुळे अशी पुस्तकं अनेकदा प्रवाशांनीच काढली. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी १९७३ मध्ये आशियातल्या स्वस्त प्रवासावर छोटी पुस्तिका काढली. तीच ‘लोनली प्लॅनेट’ची सुरुवात. हिलरी आणि जॉर्ज ब्रॅड्ट यांनी १९७४ मध्ये पेरू-बोलिव्हियातल्या पायवाटांवर पुस्तक केलं.

भारतात छापताना काय लागतं?
‘आयएसबीएन’ क्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चानं प्रत पाठवावी लागते. शेजारी देशाच्या नकाशात भारताची सीमा आली, तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. चुकीच्या सीमेसाठी कायद्यात कैदेची तरतूद आहे.

खरी जोखीम कशात?
शिळ्या माहितीत. सीमेवरचा नाका बंद झालेला असेल, तर पुस्तकावर विसंबलेला वाचक अडकतो. त्याला विचारायला दुसरं पुस्तकही नसतं. म्हणून व्हिसा, बस, मुक्काम यांच्या माहितीपुढे ती तपासल्याचा महिना आणि वर्ष छापावं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं दाखवावं. पहिली आवृत्ती मोजक्याच प्रतींची काढावी, म्हणजे दुरुस्त केलेली दुसरी लवकर आणता येते.