विषमज्वराची लस आणि औषधांना दाद न देणारे जंतू

मुदतीचा ताप या नावाने घरोघरी परिचित असलेला विषमज्वर हा दूषित पाणी व अन्न यांच्यावाटे पसरणारा रोग होय. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा त्यावर उपयोग होऊ लागला आणि रोग्याला तीन-चार आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवणारा हा ताप काही दिवसांत उतरू लागला. हे यश फार काळ टिकले नाही. १९७२ मध्ये केरळातील कालिकत येथे उद्भवलेल्या साथीत जंतूंनी या औषधाला दाद दिली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अँपिसिलिन व कोट्रायमोक्झॅझोल ही औषधेही अनेक ठिकाणी निरुपयोगी ठरू लागली. त्यांच्या जागी आलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचीही पुढे तीच गत झाली. आज डॉक्टरांचा भर मुख्यतः सेफ्ट्रिॲक्सोन व ॲझिथ्रोमायसिन या दोन औषधांवर आहे. आणि शेजारच्या सिंध प्रांतात २०१६ पासून फैलावलेला विषमज्वर सेफ्ट्रिॲक्सोनलाही जुमानीत नाही.

अशा वेळी उपचारापेक्षा प्रतिबंधाकडे लक्ष वळावे, हे स्वाभाविकच होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१८ मध्ये विषमज्वराच्या संयुग्मित लसीची शिफारस केली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेने ती आपल्या क्षेत्रातील बालकांना देण्याचे ठरविले. सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत ही लस देण्याचा जगातील हा पहिलाच उपक्रम होता. नऊ महिने ते चौदा वर्षे वयाची सुमारे ३ लाख २० हजार मुले त्यासाठी डोळ्यांपुढे होती. १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या पहिल्या टप्प्यात शहराच्या काही भागांतील १ लाख १३ हजार ४२० मुलांना लस टोचण्यात आली. उरलेले भाग दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवल्यामुळे लस मिळालेल्या व न मिळालेल्या वस्त्यांची तुलना करणे शक्य झाले.

ही तुलना सहा रुग्णालयांतील तापाच्या रुग्णांचे रक्त तपासून करण्यात आली. विडाल चाचणीवर विसंबून न राहता रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची खात्रीची, पण वेळखाऊ पद्धत त्यासाठी वापरली गेली. मार्च २०२१ पर्यंतच्या नोंदींवरून असे आढळले की, लसीकरण झालेल्या वस्त्यांतील मुलांना विषमज्वर होण्याची शक्यता इतर वस्त्यांतील मुलांपेक्षा सुमारे ५६ टक्क्यांनी कमी होती. लस न घेतलेली मुलेही या वस्त्यांत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

लसीमुळे जंतू बळावतात काय?

औषधांच्या वापराने जंतू निर्ढावतात, मग लसीनेही तसे होणार नाही काय, अशी शंका पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. दोहोंचे कार्य मात्र भिन्न आहे. प्रतिजैविक शरीरातील असंख्य जंतूंवर आघात करते. त्यांतील एखाद्याच्या रचनेत योगायोगाने अनुकूल बदल झालेला असेल, तर तोच तेवढा वाचतो व त्याची प्रजा वाढते. लसीने निर्माण होणारी प्रतिपिंडे जंतूच्या 'व्हीआय' नावाच्या बाह्य कवचाला ओळखतात. जंतू औषधाला वश असो वा नसो, हे कवच तेच असते. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या जंतूंना लस सारखाच अटकाव करते. शिवाय जो ताप आलाच नाही, त्यासाठी औषधही दिले जात नाही. न्यूमोनियास कारण होणाऱ्या न्यूमोकोकस जंतूंची कवचे मात्र अनेक प्रकारची असल्याने, त्यांवरील लसीनंतर काही देशांत लसीत नसलेल्या प्रकारांनी डोके वर काढले होते. म्हणूनच नवी मुंबईतील जंतूंवर नजर ठेवणे अगत्याचे होते.

तेथे मिळालेल्या विषमज्वराच्या १७४ व पॅराटायफॉइडच्या ५४ जंतुनमुन्यांची संपूर्ण जनुकीय लिपी संशोधकांनी वाचली. बहुतेक नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांचा पुरेसा परिणाम होत नव्हता. जवळजवळ २० टक्के नमुन्यांत तर या औषधांना विरोध करणारे तीन किंवा अधिक बदल आढळले. सेफ्ट्रिॲक्सोनला निष्प्रभ करणारे जनुक विषमज्वराच्या केवळ दोन नमुन्यांत होते. संख्या अल्प असली, तरी हे जनुक ज्या प्लाझ्मिडवर होते ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

हे जंतू शहरात आले कसे, याचाही माग लिपीवरून लागला. एक वंश सन २००७ च्या सुमारास एकदाच शिरून स्थिरावलेला. तर औषधविरोधासाठी जगभर कुप्रसिद्ध असलेला 'एच ५८' हा वंश बाहेरून अनेकदा आलेला. रोजगारासाठी माणसांची सतत ये-जा असलेल्या शहरात याचे नवल वाटू नये. शिरल्यानंतर मात्र हे जंतू आसपासच पसरत होते. रुग्णांची घरे जितकी जवळ, तितके त्यांच्या जंतूंचे नाते निकटचे. हा संबंध पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसला, त्यापलीकडे नाही. लसीकरण झालेल्या वस्त्यांत अशी जवळची नाती काहीशी कमी आढळली. परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

पॅराटायफॉइड 'ए' च्या जंतूला व्हीआय कवच नसते, म्हणून त्यावर ही लस चालत नाही. तो जंतूही पाण्या-अन्नातूनच येतो. नवी मुंबई महानगरपालिकेचे स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे व तेथील पाणी शुद्ध करूनच शहराला पुरविले जाते. पण रोगाचा फैलाव जर वस्ती-वस्तीत होत असेल, तर जलशुद्धीकरण केंद्रापासून पुढचा प्रवासही तपासावा लागतो: गटाराशेजारून गेलेली गळकी नळवाहिनी, इमारतीची न धुतलेली टाकी, चाळीतील उघडे पिंप आणि रस्त्यावरील सरबताच्या गाडीवरचा बर्फ.