पाणी-जंगलाचं शिक्षण: पोरीला कुठं पाठवायचं?



मागच्या महिन्यात शहापूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सचिवताईंनी वही मिटली. उठता उठता एक ताई म्हणाली, "मॅडम, पोरगी बी.ए. झाली, भूगोल घेऊन. आता पाणी-जंगलाचं पुढचं शिकायचं म्हणते. दोन वर्षांचं आहे. गटातून साठ हजार मिळतील का?"

बैठक परत बसली. एक मावशी म्हणाल्या, "पाणी आणि जंगल शिकायला पैसे भरायचे? आपण जन्मभर दुसरं केलं काय?" सगळ्या हसल्या. पण पैसे द्यायचे की नाही, किती द्यायचे आणि पोरीनं जायचं कुठं, यातलं काहीच त्या दिवशी ठरलं नाही. घरी येताना गाडीत मी तोच विचार करत होते, म्हणून हा लेख.

मी राहते ठाकुर्लीला. माझ्या घरात उल्हास नदीचं पाणी नळानं येतं. ठाकुर्लीहून कल्याण, कल्याणहून कसारा गाडीनं आसनगाव, असा माझा रोजचा रस्ता. आसनगावला उतरलं की तानसा आणि भातसाचा तालुका. या धरणांचं पाणी मुंबई पिते, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही. पण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. पाणी कसं भरायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते कुणाला किती द्यायचं हे मात्र कागदावर ठरतं, आणि त्या कागदाच्या टेबलावर आपली माणसं फार कमी असतात.

एका पाड्यावर मी स्वतः बघितलंय. टाकी बांधली, पाइप टाकले, दारोदार नळ आले. पण ज्या विहिरीवरून टाकी भरायची तिला मार्चनंतर पाणीच नसतं. योजनेचा आराखडा करताना मे महिन्यात विहिरीत पाणी किती असतं, हे कुणी मोजलंच नव्हतं. पाड्यावरच्या कुठल्याही बाईनं ते फुकट सांगितलं असतं. तिला कुणी विचारलं नाही आणि तो आराखडा वाचणारं पाड्यावर कुणी नव्हतं. ही पोरगी शिकायचं म्हणते ते हेच. अभ्यासक्रमाचं मोठं नाव 'नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन'. आपल्या भाषेत जल, जंगल, जमीन, जनावर आणि जन यांचा एकत्र हिशेब.

या हिशेबात अर्धं काम मोजमापाचं असतं आणि अर्धं वाटपाचं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं उदाहरण घ्या. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत सुरू केली. बंधारे आणि उपसा योजना तर केल्याच, पण खरी गंमत नियमांत होती. पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता माणसांच्या हिशेबानं द्यायचं, माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. बंधारा इंजिनीअर बांधेल, पण असा नियम गावाला पटवून द्यायला वेगळं शिकलेलं माणूस लागतं. कॉलेज निवडताना पहिला प्रश्न म्हणून हाच विचारा: पोरीचा कल मोजमापाकडे आहे, लोकांमध्ये बसण्याकडे आहे, की संस्था आणि धंदा चालवण्याकडे?

दुसरी गोष्ट तिची पहिली पदवी. इथं बऱ्याच जणींची फसगत होते, कारण सगळी दारं सगळ्यांना उघडी नसतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं चांगलं शिक्षण मिळतं, पण एम.एस्सी.ला जायचं तर आधी शेती किंवा वनशास्त्राची पदवी लागते. पवईच्या आय.आय.टी.मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानावर काम करणारं 'सितारा' नावाचं केंद्र 1985 पासून आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी कर्जत-शहापूरकडच्या पाणी योजनांवर आणि टँकरच्या गावांवर अभ्यास केलेत. मला ते काम फार आवडतं. पण तिथल्या एम.टेक.ला इंजिनीअरिंग किंवा विज्ञानाचा पाया आणि 'गेट' परीक्षा लागते. आपली पोरगी बी.ए. आहे, म्हणजे ही दोन्ही दारं बंद. कुणाची मुलगी आता बारावी विज्ञानाला असेल तर मात्र हा परिच्छेद परत वाचा, कारण तिच्यासाठी ती अजून उघडी आहेत.

बी.ए., बी.कॉम., बी.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलींना काय? माझ्या मते सगळ्यात आधी बघावं तुळजापूर. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जिला सगळे 'टिस' म्हणतात, ती मुंबईत 1936 साली सुरू झाली. देवनारची टिस पुष्कळ जणींना माहीत असते, पण धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरलाही तिचं ग्रामीण केंद्र आहे. ते कमी लोकांना माहीत असतं. ग्रामीण विकास, उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनं या विषयांचं पदव्युत्तर शिक्षण तिथं मिळतं. आजूबाजूला दुष्काळी मराठवाडा, म्हणजे पाण्याचा प्रश्न पुस्तकात शोधायला नको. कल्याणहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सोलापूर, तिथून एसटी. प्रवेशासाठी 'सीयूईटी-पीजी' नावाची परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतर संस्थेचा स्वतःचा पुढचा टप्पा असतो. या परीक्षेचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे निकाल लागल्यावर जूनमध्ये धावपळ करून उपयोग नाही, तयारी दिवाळीतच सुरू व्हायला हवी. शेवटच्या वर्षाला असलेली मुलगीही ही परीक्षा देऊ शकते.

भोपाळला भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे, 1982 ची. गुजरातमध्ये आणंदला 'इर्मा' आहे, ती 1979 साली अमूलच्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी उभी केली. दोन्ही नावाजलेल्या. इर्माच्या विद्यार्थ्यांना तर काही आठवडे खेड्यात राहूनच शिकावं लागतं. पण दोन्हीकडे शिक्षण व्यवस्थापनाचं आहे, फी काही लाखांत जाते आणि प्रवेश परीक्षा कठीण. ज्या मुलीला संस्था, उत्पादक कंपनी, दूध संघ चालवायचाय तिनं जरूर विचार करावा. पाड्यावर बसून वनहक्काचा आराखडा करायचाय तिनं एवढं कर्ज डोक्यावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. कर्ज मोठं असलं की मोठ्या पगाराची नोकरी धरावी लागते, आणि तशी नोकरी शहापूर-मुरबाडात क्वचितच असते.

ज्या ताया किंवा सुना घर सोडून जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठीही वाट आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठातून ग्रामीण विकासाचं एम.ए. घरी राहून करता येतं, पाणलोट व्यवस्थापनाचा डिप्लोमाही आहे. पुण्यात प्रकाश गोळे यांनी 1982 साली सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी नोकरी करणाऱ्यांसाठी नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम चालवत आली आहे. शनिवार-रविवारचे वर्ग आणि त्यात भटकंती भरपूर. माझा स्वतःचा डोळा त्याच्यावर आहे.

आता माझी चूक सांगते. बी.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी एका खासगी संस्थेत प्रवेश घेतला होता. नाव लिहीत नाही. माहितीपत्रकावर हिरवे डोंगर, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, आणि 'फील्डवर्क' हा शब्द पानोपानी. पहिल्या तीन महिन्यांत फील्डवर्क म्हणून आम्हाला एकदा बसनं एका कृषी पर्यटन केंद्रावर नेलं. पिठलं-भाकरी खाल्ली, बैलगाडीत बसलो, संध्याकाळी परत. मी सोडून आले. पप्पांनी पीएफमधून काढलेले 38,000 रुपये गेले ते गेलेच. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की यूजीसीच्या नियमानं फी परत मिळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पप्पा एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

म्हणून कुठल्याही संस्थेत फोन केलात की इमारत, वायफाय, कँटीन नंतर विचारा. आधी विचारा, की दोन वर्षांत मुलगी गावात एकूण किती दिवस राहते? दिवस आकड्यात सांगा म्हणावं, 'भरपूर' हे उत्तर नाही. ती तिथं काय करते, नुसता सर्व्हे भरते की विहिरीची पातळी, पाऊस, माती मोजायला शिकते? संगणकावर नकाशे करायला शिकवतात का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी गावात काम केलंय का? आणि मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या दोन मुलींचे नंबर द्या. हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. चांगली संस्था त्या मुलींना विचारून नंबर देते, बाकीच्या विषय बदलतात. त्या मुलींना होस्टेलचं, जेवणाचं, रात्रीच्या सुरक्षिततेचंही विचारून घ्या. आयांना झोप लागत नाही ती त्याच गोष्टींमुळे.

इंग्रजीचं भय मी नाकारणार नाही. टिससारख्या ठिकाणी वाचायचं सगळं इंग्रजीत असतं आणि मराठी शाळेतल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात. आधीच्या सुट्टीत रोज एक पान इंग्रजी बातमी वाचून मराठीत सांगायची सवय लावली तर फरक पडतो. वर्गातल्या पुष्कळ मुलांना मात्र खरीप-रब्बी पुस्तकातूनच कळतं. तिथं आपली मुलगी पुढे असते.

राहिला पैसा. ताईनं गटाकडे साठ हजार मागितले. आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपयांनी आहे, म्हणजे महिन्याला 1,200 रुपये नुसतं व्याज. दोन वर्षं मुद्दल फिटलं नाही तर 28,800 रुपये. आणि हप्ता पहिल्याच महिन्यापासून, जेव्हा पोरगी एक रुपया कमवत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षानं सुरू होते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची हमी योजना आहे, त्यामुळे जमीन तारण मागायचं कारण नसतं. शाखेत "सातबारा आणा" म्हणाले तर या हमी योजनेचं नाव घ्या. व्याज शिकत असतानाही चढतंच, तेवढं लक्षात ठेवा.

शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर योजना आहे, अर्ज महाडीबीटीवर. आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वयम' योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. पण शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि पैसे येणं यात पुष्कळ महिने जातात. तोवर फी कुणी भरायची? 2018 च्या फेब्रुवारीत टिसच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीधारकांच्या फीमाफीसाठीच संप केला होता, तुळजापूरचे विद्यार्थीही त्यात होते. म्हणून प्रवेशाआधीच लेखी विचारा, की शिष्यवृत्ती येईपर्यंत फीसाठी थांबता का?

त्या गटात परवा पुन्हा बैठक झाली. ठराव झाला तो असा: ताईला गटातून पंधरा हजार द्यायचे, परीक्षेची फी, प्रवास आणि होस्टेलच्या सुरुवातीच्या खर्चासाठी. बाकीचं बँकेतून. मुलीनं दर सुट्टीत येऊन गावातल्या विहिरींची पातळी मोजून वहीत लिहायची, ही अट मावशींनी घातली. हो, त्याच मावशी. मुलगी म्हणाली, मोजायला टेप लागेल. मावशी म्हणाल्या, "दोरीला गाठी मार."

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आलाय. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अजून समितीकडे आहे. ज्यांच्या मुली पुढच्या वर्षी पदवीला शेवटच्या वर्षात जातील त्यांनी तो अर्ज आत्ताच टाका. पुढच्या मासिक बैठकीला मी फॉर्म आणि लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन येते, तुम्ही मुलीची बारावीची आणि पदवीची गुणपत्रकं घेऊन या.