ताटलीतलं पाणी कोण तापवतं?

गवारीची भाजी फोडणीला टाकून परतली की कढईवर खोलगट ताटली ठेवायची आणि तिच्यात पेलाभर पाणी ओतायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. भाजी लागत नाही आणि वर घालायला गरम पाणी हाताशी राहतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ताटलीखाली जे चाललेलं असतं ते खरोखर थक्क करणारं आहे. भाजीतून उठलेली वाफ गार ताटलीला टेकते, तिचे थेंब होतात, आणि थेंब होताना ती पोटातली उष्णता ताटलीतल्या पाण्याला देऊन टाकते. थेंब परत भाजीत पडतात. थोड्या वेळानं वरच्या पाण्यात बोट घालवत नाही. झाकण नसतं तर हीच उष्णता खिडकीतून बाहेर गेली असती.

वाफेच्या पोटात उष्णता असते तरी किती? एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ७० किलोकॅलरी लागतात. त्याच उकळत्या लिटरभर पाण्याची पूर्ण वाफ करायला लागतात ५४०, म्हणजे साडेसातपटीहून जास्त! आणि एवढी उष्णता ओतूनही तापमापकाचा पारा १०० अंशांवरून हलत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांना १७६२ च्या सुमारास या न हलणाऱ्या पाऱ्याचं कोडं पडलं. त्यांनी तापत्या लोखंडावर पाणी ठेवून वेळ मोजला. पाणी उकळायला लागला त्याच्या सुमारे पाचपट वेळ ते आटायला लागला. तेवढा वेळ पाण्यात जात राहिलेली, पण पाऱ्याला न दिसणारी ही उष्णता म्हणजे आपण शाळेत शिकलो तो अप्रकट उष्मा.

आता हे स्वयंपाकघरात आणून बघा. पातेल्यात बटाटे उकडायला ठेवलेत आणि पाण्याला खळखळून उकळी फुटली आहे. आच मोठी ठेवली काय, बारीक केली काय, पाणी १०० अंशांवरच राहणार आणि बटाटे तेवढ्याच वेळात शिजणार. मोठी आच फक्त वाफ वाढवते. पाव लिटर पाणी असं उडून गेलं, तर जवळजवळ दोन लिटर गार पाणी उकळीला आलं असतं एवढी उष्णता गेली. शेगडीत निम्म्याहून थोडी जास्तच उष्णता भांड्याला मिळते हे धरून मी ढोबळ हिशेब केला. रोज पाव लिटर पाणी विनाकारण आटवणाऱ्या घरात वर्षाला १४.२ किलोचा साधारण अर्धा सिलिंडर निव्वळ वाफेत जातो. झाकण ठेवणं आणि उकळी फुटली की आच कमी करणं, एवढ्यानं तो वाचतो.

कुकरची करामत तर याच्याही पुढची. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यांनी १६७९ मध्ये घट्ट झाकणाच्या भांड्यात हाडंसुद्धा मऊ करून दाखवली होती. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांऐवजी १२० च्या आसपास उकळतं. वीसच अंशांचा फरक, पण तासभर न शिजणारी डाळ मिनिटांत मऊ होते. उलट कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर हवेचा दाब कमी असल्यानं पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या जवळपासच उकळतं, आणि तिथला उघड्या पातेल्यातला भात कणी धरून बसतो.

म्हणूनच पाककृतीत शिट्ट्यांचा आकडा देणं मला पटत नाही. पदार्थ शिट्टीनं शिजत नाही, कोंडलेल्या वाफेत घालवलेल्या वेळानं शिजतो. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करावी आणि घड्याळ लावावं. गॅस बंद केल्यावरही कुकर पडेपर्यंत आत १०० अंशांहून जास्त तापमान असतं आणि शिजणं चालूच असतं. घाईनं शिट्टी उचलून ती वाफ सोडणं म्हणजे फुकट मिळणारी मिनिटं घालवणं. हरभरे, राजमा, कडवे वाल रात्री भिजत घातले तर पाणी आत शिरण्याचं काम चुलीविना होऊन जातं, ते वेगळंच.

वाफ जपली तर किती कमी इंधन पुरतं, हे डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या पुण्याच्या 'आरती' संस्थेनं दाखवून दिलं. तिच्या 'सराई' कुकरमध्ये एकावर एक डबे, भोवती बंदिस्त वाफ आणि खाली कोळसा. शंभरेक ग्रॅम कोळशावर पाचजणांच्या घराचा वरण-भात होतो. आणि कोळसा कशाचा, तर शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा! पाचटापासून कोळसा करण्याच्या या कामाला २००२ मध्ये ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

सिलिंडर लावल्याची तारीख आपल्या बहुतेक घरांत कॅलेंडरवर लिहिलेली असते. पुढचा सिलिंडर लावाल तेव्हा तारखेशेजारी एक खूण करा, तो संपेपर्यंत उकळीनंतर आच बारीक आणि भांड्यावर झाकण एवढं पाळा, आणि मागच्यापेक्षा किती दिवस जास्त गेला ते मोजून बघा.