स्लॉट मशिनमध्ये विसरलेले पैसे कोणाचे?

लास वेगासच्या कॅसिनोत अनेक जण स्लॉट मशिनवरून उठताना शिल्लक रकमेची पावती तशीच विसरतात. शेजारच्याने ती उचलली तर? ‘सापडले ते आपले’ हा न्याय इथे चालत नाही. खेळाडूला हाक मारावी. तो निघून गेला असल्यास कर्मचाऱ्याला सांगावे. अशी शिल्लक हुडकत फिरणाऱ्यांना कॅसिनो प्रवेशबंदी करू शकतो.

मुदत संपलेल्या पावत्यांचे पैसे पूर्वी कॅसिनोकडेच राहत. २०११ च्या कायद्यानुसार त्यातील ७५ टक्के नेवाडा राज्याला मिळतात.

मालक शोधणे अशक्य नसते. २०२२ मध्ये मशिनमधील बिघाडामुळे एका पर्यटकाला सुमारे २.२९ लाख डॉलर जिंकल्याचे कळलेच नाही. राज्याच्या नियामक मंडळाने कॅमेऱ्यांचे चित्रीकरण तपासून त्याला शोधून काढले.