मोबाईलच्या साहाय्यानें संगणकास इंटरनेट

चाकण, म्हाळुंगे, निघोजे या पट्ट्यांत कारखाने आले, जमिनीचे भाव चढले आणि सातबाऱ्यावरील फेरफारही वाढले. फेरफाराच्या नोंदीस हरकत घेण्याची मुदत १५ दिवसांची असते. तिची नोटीस पूर्वीं केवळ चावडीवर लागे. आतां ती शासनाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही पाहावयास मिळते. मंडळ अधिकाऱ्यानें नोंद एकदां प्रमाणित केली म्हणजे प्रांतांकडे अपील करणें प्राप्त होतें, आणि त्या फेऱ्या काय खर्चाच्या असतात हें आम्हीं महसुली दप्तरांत पुष्कळ पाहिलें आहे. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी आपल्या गांवचें पान उघडावें.

फोनच्या लहान पडद्यावर गट नंबर व क्षेत्राचे आंकडे वाचतांना वृद्ध डोळ्यांस त्रास होतो, छापील प्रतही काढावी लागते. बहुतेक घरीं मुलांचा संगणक असतो, परंतु मळ्यांतील वस्तीवर इंटरनेटची तार पोहोंचलेली नसते. अशा ठिकाणीं खिशांतील मोबाईल मोडेमचें काम करितो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं याकरितां संगणकावरून *९९# हा क्रमांक फिरवावा लागे. आतां तो खटाटोप उरला नाहीं.

चार्जरची वायर फोनमधून संगणकास जोडावी, मोबाईल डेटा चालू ठेवावा, आणि ‘सेटिंग्ज’मधील ‘हॉटस्पॉट व टेदरिंग’ या सदरांत ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावें. कित्येक स्वस्त वायरी केवळ चार्जिंगपुरत्या असतात. जोडणी न झाल्यास प्रथम वायर बदलून पाहावी. पत्र्याच्या छपराखालीं रेंज क्षीण होते, यास्तव लांब वायर घेऊन फोन खिडकींत ठेवावा.

वायरीवांचून हॉटस्पॉटही चालतो. मात्र त्यास निदान आठ अक्षरांचा पासवर्ड घालावा. नाहीं तर भाड्यानें दिलेल्या खोल्यांतील सारी मंडळी आपल्याच डेटावर सिनेमे पाहतील! दुसरा छुपा खादाड म्हणजे खुद्द संगणक. विंडोजचे अपडेट न विचारतां दिवसाचा डेटा गिळून टाकितात. त्यासाठीं त्या जोडणीस ‘मीटर्ड कनेक्शन’ ही खूण करून ठेवावी.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून मिळतो व त्यावर तलाठ्याची सही लागत नाहीं. तो उतरवून घेतल्यावर संगणकांत जतन करावा, टेदरिंग बंद करावें आणि मग सावकाश छापावा. छपाईस इंटरनेट लागत नाहीं.