एक आकडा कमी

सुटीहून परतताना पालकांनी भरायचा फॉर्म मी संगणक क्लबतर्फे बनवला होता. एका ज्युनिअरला रात्री ताप चढला. घरी कळवायला नंबर काढला, तर आकडे ९ च! भरताना एक निसटला आणि माझ्या फॉर्मने तो तसाच घेतला. शेवटी काकांचा नंबर जुन्या वहीत सापडला.

मग मी जावास्क्रिप्ट लिहिली. ‘सबमिट’ दाबताच ती फॉर्म रोखते, नंबरातल्या मोकळ्या जागा काढते आणि आकडे १० आहेत का, पहिला ६, ७, ८ किंवा ९ आहे का, हे पाहते. चूक असेल तर त्याच रकान्याखाली लाल अक्षरांत सांगते; बाकी भरलेले तसेच राहते. (सगळे पुसले गेले की पालक वैतागतात, आणि त्यांचे बरोबरच आहे.)

पण ही तपासणी भरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होते. क्लबमधल्या एका मित्राने तिथली जावास्क्रिप्ट बंद करून ५ आकडी नंबर पाठवून दाखवला! म्हणून तीच तपासणी आता सर्व्हरवरही आहे. तरी १० आकडे बाबांचेच आहेत का, हे स्क्रिप्टला कळत नाही. त्यासाठी हाउसमास्टर सर पहिल्या आठवड्यात प्रत्येक नंबरावर एकदा फोन लावून पाहतात.