सायकलवरून रोहिणखेड (व्हाया बेल्जियम!)

सबमिशन संपलं की होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एकच चर्चा सुरू होते. जायचं कुठे? गोवा, महाबळेश्वर, नाहीतर निदान चिखलदरा. मग प्रत्येकाचं बजेट निघतं आणि शेवटी सगळे मुकाट्याने आपापल्या घरी जातात! ‘चला, रोहिणखेडला जाऊ’ असं आजवर कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मी स्वतःसुद्धा म्हटलं नसतं. मी बुलडाण्याची. लहानपणापासून राजूर घाटातून एसटीने मलकापूर स्टेशनला इतक्या वेळा गेले आहे की कुठल्या वळणावर कोणाला उलटी होणार हे मला आधीच कळतं. रोहिणखेड त्याच घाटाच्या पायथ्याशी, मोताळा तालुक्यात. घरापासून सायकलने जेमतेम अर्ध्या दिवसाचं अंतर. पण तिथे पोहोचायला मला वीस वर्षं लागली, आणि तीही बेल्जियमवरून!

झालं असं की माझी मावसबहीण बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला शिकते. गेल्या उन्हाळ्यात तिने एक फोटो पाठवला. सायकलच्या हँडलला चिकटवलेला कागद आणि त्यावर पेनाने लिहिलेलं : ४७ – ५२ – ५३ – ८ – ११. मला वाटलं लॉटरीचे नंबर आहेत. तर म्हणाली, ‘अगं, हा माझा आजचा रस्ता.’

बेल्जियमच्या उत्तरेकडच्या भागाला फ्लँडर्स म्हणतात. तिथे सायकलचे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात, त्या प्रत्येक जागेला एक नंबर दिलेला आहे. खांबावर त्या जागेचा नंबर, आणि खाली बाण दाखवून शेजारच्या जागांचे नंबर. सकाळी नकाशा पाहायचा, आपल्याला हवे तसे नंबर ओळीने कागदावर उतरवायचे आणि निघायचं. कंटाळा आला तर मधलाच एखादा नंबर गाळून लवकर घरी! आपण ‘ग्राफ थिअरी’त नोड आणि एज शिकतो ना, ते अक्षरशः शेताच्या बांधावर उभं केलेलं आहे. आणि ही कल्पना सुचली कोणाला? ह्यूगो बोलेन नावाच्या एका मायनिंग इंजिनिअरला! लिम्बर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी होत्या. खाणीच्या बोगद्यांमध्ये वाट सापडावी म्हणून फाट्यांना नंबर असायचे. १९९२ पर्यंत त्या खाणी बंद पडल्या, आणि १९९५ पासून तीच युक्ती जमिनीच्या वर, सायकलींसाठी आली. पुढे ती नेदरलँड्समध्ये गेली, जर्मनीत गेली. मेकॅनिकलवाल्यांनी मायनिंगला हसायचं बंद करावं.

त्याच प्रांतात बोकरिकला २०१६ साली एका तळ्याच्या मधोमध सुमारे दोनशे मीटरचा सायकलरस्ता काढला. तो पाण्यावरून जात नाही, पाण्यातून जातो. दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत, आणि सायकलवर बसलं की तळ्याचं पाणी डोळ्यांच्या पातळीला. सिव्हिलच्या मित्रांनी फोटो जरूर शोधून पाहावेत.

पण मला खरं हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. फ्लँडर्स हे नाव मला शाळेपासून माहीत होतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या महायुद्धावरची, पॉपीच्या लाल फुलांची इंग्रजी कविता पाठ करून घ्यायचे. ईप्र, पाशेंडेल ही रणांगणं आज त्याच सायकलरस्त्यांवर येतात. ईप्रच्या मेनिन गेटखाली १९२८ पासून रोज संध्याकाळी ८ वाजता बिगुल वाजवून मेलेल्या सैनिकांना मानवंदना देतात. मधली दुसऱ्या महायुद्धाची वर्षं तेवढी सोडून. लोक सायकली टेकवून उभे राहतात. बहीण हे सगळं सांगत होती आणि आजोबा शेजारी बसून ऐकत होते. आजोबा म्हणजे जिल्हा परिषदेचे रिटायर्ड मास्तर. उभी नोकरी घाटाखालच्या गावांमध्ये सायकलवर केलेली. ते एवढंच म्हणाले, ‘लढाईच पाहायची तर रोहिणखेडला काय कमी झाली? एक सोडून दोन झाल्या.’

मी गप्प! मला सात समुद्रापलीकडचं पाशेंडेल पाठ, आणि घाटाखालचं गाव फक्त एसटीच्या पाटीवर पाहिलेलं.

म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मी माझ्या रूममेटला घरी बोलावलं आणि आम्ही दोघी निघालो. तिच्याकडे शेजारची लेडीज सायकल, माझ्याकडे आजोबांची काळी, दांडीची, चोवीस इंची. (चढायला ओटा लागतो. उतरायला नशीब.) बेल्जियमच्या धर्तीवर मी हँडलला कागद चिकटवला : १ घर, २ घाटाचं तोंड, ३ राजूर, ४ फाटा, ५ रोहिणखेड. आजोबा हसले. ‘नंबर कशाला? पारावर माणूस असतो, त्याला विचारायचं.’

सकाळी घाट उतरताना पायडल मारायची गरजच नाही, त्यामुळे आम्ही भलत्याच खुशीत होतो. पण इथे एक सूचना. जुन्या सायकलचे रॉडचे ब्रेक सतत दाबून धरू नका. तुमचं आणि सायकलचं मिळून ८० किलो वजन तीनशे मीटर खाली आलं, तर साधारण २३५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णता होऊन जाते. थोडं दाबा, सोडा, मध्ये थांबा. आम्ही तीनदा थांबलो; तिसऱ्या वेळी रिमला बोट लावलं आणि थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम जन्माचा लक्षात राहिला.

घाट संपला की हवा बदलते. गारवा जातो. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, वेचणीला आलेला कापूस. मोठा रस्ता सोडला, आणि मग कळलं की सायकल म्हणजे नेमकं काय. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगात लोक तुमच्याशी बोलू शकतात! एसटीतून कोणी बोलत नाही. मोटारसायकलवाल्याला हाक मारेपर्यंत तो पुढच्या गावात असतो. आम्हाला मात्र प्रत्येक बांधावरून विचारणा. ‘कोण्या गावच्या वं पोरीहो?’ ‘इकडं कुठं चालल्या उन्हातान्हाच्या?’ एका बाईंनी ओंजळभर बोरं दिली. एका फाट्यावर माझ्या कागदातला ४ नंबर सपशेल चुकला. पाराखाली बसलेल्या माणसाला विचारलं, त्याने हातातल्या काठीने दिशा दाखवली. आजोबा बरोबर होते.

गावात शिरता शिरता माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा. एका दुकानापुढे सायकल उलटी केली. दहा-बारा वर्षांच्या पोराने ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, पॉलिश पेपर घासून सोल्युशन लावलं. तेवढ्यात एक म्हातारे बाबा येऊन बसले. कुठल्या, काय शिकता, सगळं विचारून झालं. ‘इंजिनेर होऊन राह्यल्या’ हे कळल्यावर त्यांनी डोंगराकडे हात केला आणि म्हणाले, ‘मंग सांगा बरं, पहिल्या जमान्याची सडक इथूनच काऊन गेली?’

व्हायव्हामध्ये जसं होतं तसं झालं. मी म्हटलं, ‘अं... शॉर्टेस्ट डिस्टन्स?’ बाबा नुसते हसले.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा प्रश्न कळणार नाही. तापीकाठचं बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. दक्षिणेला दौलताबाद. या दोन शहरांच्या जुन्या वाटेवर रोहिणखेड येतं. (जुन्या ग्रंथांत ‘रोहनखेड’ असं आहे. मी लायब्ररीत ‘रोहिण’ शोधत अर्धा तास घालवला.) १४३७ साली खानदेशचा सुलतान नासीर खान वऱ्हाडावर चालून आला. कारण घरगुती : त्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीनला दिलेली होती आणि तिला तिथे नीट वागवत नव्हते. बहमनींनी दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी याला पाठवलं. त्याने नासीर खानाला रोहिणखेडला गाठून मोडलं आणि थेट बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटलं.

दुसरी लढाई १५९०-९१ ची, आणि ती तर बाप आणि मुलाची. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल नावाचा पोरवयाचा राजा होता; खरा कारभार जमाल खानाच्या हातात. हा जमाल खान महदवी पंथाचा, म्हणजे सय्यद मुहम्मद जौनपुरी यांना मानणारा. इस्माईलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता. तो खानदेशच्या राजा अली खानाला सोबत घेऊन उत्तरेकडून आला, जमाल खान दक्षिणेकडून आला, आणि गाठ पडली पुन्हा रोहिणखेडलाच. जमाल खान मारला गेला, मुलगा बापाच्या हाती सापडला आणि बाप बुऱ्हाण निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसला. म्हणजे पहिल्यांदा दक्षिणेकडचे जिंकले, दुसऱ्यांदा उत्तरेकडचे. स्कोअर १-१.

गावात एक लहानशी, देखणी मशीद आहे. ती १५८२ साली खुदावंद खान महदवी याने बांधली. तो जमाल खानाच्याच पक्षातला. म्हणजे ज्या गावात या लोकांनी हौसेने मशीद उभी केली, त्याच गावात आठ-नऊ वर्षांत त्यांचा पुढारी पडला. आम्ही गेलो तेव्हा नमाजाची वेळ होती, म्हणून विचारून बाहेरूनच पाहिली आणि रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभ्या राहिलो. लढाईची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. पंक्चर काढणाऱ्या पोराला विचारलं, तर त्याला लढाई ठाऊक नव्हती. पण मीच कुठे त्याला हसणार? मला तरी कधी ठाऊक होती!

दुपारी परत फिरलो आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पायांना मिळालं.

घाटाखालून दक्षिणेकडे पाहिलं की अजिंठ्याची रांग भिंतीसारखी आडवी दिसते. आपल्याकडे ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ म्हणतात ते या भिंतीमुळे. खालचं पाणी नळगंगेतून पूर्णेला, पुढे तापीला आणि अरबी समुद्राला जातं. वर बुलडाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा मात्र आपलं पाणी बंगालच्या उपसागराकडे नेते. एवढी मोठी ही सीमा. ती ओलांडायची तर चढ लागतो, आणि चढ फुकट नसतो. माझ्या सायकलला पुढे ४८ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेरीत सायकल सहा मीटर जाते. शंभराला पाच असा चढ धरला तर प्रत्येक फेरीला ८० किलो वजन ३० सेंटिमीटर उचलायचं. मिनिटाला ४० फेऱ्या म्हणजे जवळजवळ १५७ वॉट. होस्टेलचे दोन पंखे सलग पंचवीस मिनिटं पायांनी चालवा! मी चार मिनिटं चालवले. मग उतरले आणि ढकलायला लागले. ढकलत दीड तास घेतला तर तेच काम ४४ वॉटवर येतं. बेल्जियमच्या सपाट शेतांत हे गणित कधी करावंच लागत नाही. तिथे तुमची लढाई फक्त समोरच्या वाऱ्याशी.

आणि ढकलता ढकलता मला हत्ती दिसले, तोफांचे गाडे दिसले, बैल दिसले. त्यांना गिअर नव्हते. एवढं लटांबर भिंतीवर कुठूनही चढत नाही, त्याला खिंडच पाहिजे. वर चढणाऱ्या फौजेला आधी पायथ्याशी मुक्काम करावा लागतो, आणि वरून येणारी फौज घाटातून चिंचोळी होऊन उतरते. म्हणून ज्याला कोणाला अडवायचं असेल त्याने पायथ्याशीच थांबावं. सडक अंतर पाहून गेली नव्हती, चढ पाहून गेली होती. हे माझं उत्तर. इतिहासवाल्यांनी तपासून घ्यावं. पण एसटीच्या खिडकीत बसून ते मला कधीच सुचलं नसतं, कारण तिथे चढण्याचं काम डिझेल करत होतं.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, दिवस भरपूर पुरतो. पंप, पाना, एक जादा ट्यूब आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. ब्रेक आदल्या दिवशी दाखवून आणा. मोठ्या रस्त्यावर ट्रकपासून जपा. फोन खिशात राहू द्या, वाट माणसांना विचारा.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. आजोबांनी आधी सायकलची चेन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पंक्चर कोणी काढलं?’ मी सांगितलं. बाबांचा प्रश्नही सांगितला आणि माझं उत्तरही. ‘मला काय सांगतेस,’ ते म्हणाले, ‘ज्यांनी विचारलं त्यांना सांग.’

तेव्हा पुढच्या सुट्टीत पुन्हा रोहिणखेड आहे. रूममेट तयार आहे. फक्त मागच्या ट्यूबला आता तीन ठिगळं झाली आहेत, ती बदलायला हवी.